ग्रेट डेनची आई माहेरी गेली

माझी नोकरीच मुळी विश्वास न ठेवण्याची आहे. रेल्वेला लागणाऱ्या स्प्रिंगा मी तपासते. कारखानदार मालासोबत स्वतःचंच प्रमाणपत्र पाठवतो, त्यावर दोन शिक्के आणि तीन सह्या. ते मी बाजूला ठेवते, ढिगातून मला हवा तो नमुना उचलते आणि यंत्रावर दाबून बघते. बावीस वर्षं हेच करतेय. लखनौत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत माझ्या खडूसपणाबद्दल लोक बोलतात आणि मला ते मनातून आवडतं. म्हणूनच शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावच्या त्या माणसाने मला किती सहज शेंडी लावली हे आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

कुत्रा मुलीला हवा होता, आणि तोही ग्रेट डेन. नवरा बदलीवर भुसावळला, घरात आम्ही दोघीच. मुलगी मराठी समजते, उत्तर हिंदीत देते आणि हट्ट मात्र अस्सल नागपुरी करते. दहावीचा निकाल लागला तशी मी हो म्हटलं.

पिल्लं विकणारा तो माणूस आमची वाटच बघत होता. पांढरा कडक सदरा, गळ्यात जाड साखळी. बसायला खुर्च्या, चहा, गरम समोसे. "मैडम, आप तो इंजीनियर हैं, आपको हम क्या समझाएँगे," हे वाक्य त्याने तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा मी हरभऱ्याच्या झाडावर आणखी एक फांदी वर चढले.

मग थापा सुरू झाल्या. पिल्लू 'डबल बोन' होतं. म्हणजे काय, ते आजवर मला कोणी सांगू शकलेलं नाही. बहुधा आत दोन सांगाडे असावेत. वंश 'इम्पोर्टेड' होता. कुठून आलेला, म्हणून विचारलं तर म्हणे, "बाहर से." दीड महिन्याचा जीव छत्तीस इंच उंच होणार, अशी त्याने गॅरंटी दिली, जसं काही कपाटच बनवून देणार होता. आणि वर, "हमारी लाइन लखनऊ की गर्मी में ढल चुकी है." पिल्लाच्या बापाचा भिंतीवर फोटो होता, शेजारी फळीवर चांदीचा कप. कप खरा होता, पण तो कोणी कशासाठी जिंकला हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

योग्य असा एकच प्रश्न मी विचारला. "इनकी माँ कहाँ है?"

"मैडम, मायके गई है. डिलीवरी के बाद सब जाती हैं."

सगळे हसले. मीही हसले. त्याच वेळी मागच्या पत्र्याच्या शेडकडून एक जड, दमलेलं भुंकणं ऐकू आलं होतं. मी तिकडे बघितलंसुद्धा, पण तेवढ्यात त्याने माझ्या हातात फाइल ठेवली.

आमच्यासारख्या सरकारी माणसांचा घात फाइलच करते. प्लास्टिकचं कव्हर, आत वंशावळ, निळा शिक्का, आणि शेवटच्या पानावर आठवड्यागणिक पिल्लाचं वजन किती असावं याचा छापील तक्ता. तक्ता बघितला आणि माझी अक्कल तिथेच त्या खुर्चीवर राहिली.

घरी येऊन मी तो तक्ता आलेखाच्या कागदावर उतरवला आणि चार चुंबकांनी फ्रिजवर लावला. लाल रेघ त्या माणसाची, निळे ठिपके आमच्या पिल्लाचे. दर रविवारी वजन. आधी मी पिल्लाला उचलून काट्यावर उभी राहायची आणि माझं वजन वजा करायची. पुढे तो उचलेना, तेव्हा किराणावाल्याच्या काट्यावर. ठिपका रेघेच्या खालीच राहायचा. माझ्या लेखी तो माल मापात बसत नव्हता. मी त्या माणसाला फोन करायची, तो म्हणायचा, "कैल्शियम बढ़ाइए, अंडे बढ़ाइए." मी वाढवायची.

"मम्मा, उसका पेट भर गया है, रहने दो ना," मुलगी म्हणायची.

"अजून दोन किलो कमी आहे," मी तिला म्हणायची, आणि पिल्लाचं तोंड पुन्हा वाडग्यात घालायची. ऑफिसात कोणी असा तक्ता पुढे केला असता तर तो कोणी आणि कशावरून बनवला, हे मी आधी विचारलं असतं. घरी मला ते सुचलं नाही. त्या माणसाइतकाच मला स्वतःचाही तिटकारा येतो तो इथे.

पाचव्या महिन्यात निळा ठिपका लाल रेघेवर अगदी बरोबर बसला. मी मुलीला हाक मारून तो दाखवला. त्याच आठवड्यात एका सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "मम्मा, ये उठ नहीं पा रहा!" तो पुढच्या पायांवर उभा होता आणि मागचं अंग फरशीवरच होतं. शेपटी मात्र हलवत होता.

कानपूर रोडवरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खुब्याचे सांधे सैल होते, ते आईबापांकडून आलेलं असणार. त्यावर हे लादलेलं वजन आणि कॅल्शियम. "इतने बड़े कुत्तों को धीरे-धीरे बढ़ने देते हैं, मैडम. कैल्शियम किसने लिखा था?"

मी पर्समधून आलेख काढून दिला. हो, सोबत घेऊन गेले होते मी तो. डॉक्टरांनी तो नीट बघितला. "ग्राफ तो बहुत साफ़ बनाया है आपने," ते म्हणाले. मग विचारलं, "माँ को चलते हुए देखा था?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी आलेख परत घेऊन त्याची घडी घातली.

"चलेगा," डॉक्टर तिला म्हणाले, "दौड़ेगा नहीं." घरी आल्यावर तिने फ्रिजवरचे चारही चुंबक काढून ड्रॉवरमध्ये ठेवले. तिचं बरोबरच होतं.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या ऑफिसातले एक सहकारी सहकुटुंब त्याच माणसाकडे पिल्लू बघायला निघाले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक बार देख तो लें." मग मीही गाडीत जाऊन बसले. तीच खुर्ची, तेच समोसे, आणि आता "आप तो साइंटिस्ट आदमी हैं." मला त्याने ओळखलंसुद्धा नाही. तो फोटोशेजारच्या कपापर्यंत पोचला तशी मी उठले आणि शेडच्या मागे चालू लागले.

"उधर मत जाइए मैडम, गंदगी है!"

ती कडुलिंबाला बांधलेली होती. बरगड्या मोजता येत होत्या, आचळं अजून दुधाने ओथंबलेली. मला बघून ती उठली, पण एका दमात नाही. आधी पुढचे पाय, मग थोडं थांबणं, मग मागचं अंग ओढत वर. हे उठणं मी रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बघते. मी हात पुढे केला, तर तिने तो चाटला.

पलीकडे सहकाऱ्यांच्या बायकोने विचारलेलं मला ऐकू आलं, आणि त्याचं उत्तरही. "मायके गई है, भाभीजी." सगळे हसले. त्या हसण्यात मला माझं हसू ओळखू आलं.

"भाभीजी," मी तिथूनच ओरडले, "ज़रा इधर आइए. माँ घर पर ही है."