निलगिरीची पानं विमानानं

मिरजेच्या स्टेशनावर आईनं माझ्या मांडीवर एक ओलं फडकं ठेवलं होतं. फडक्यात केळीचं पान, पानात जाईच्या कळ्या. मागच्या दाराच्या वेलावरून पहाटे उठून तिनं त्या खुडल्या होत्या. गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि शेजारी चार दिवसांपूर्वीच झालेला माझा नवरा खिडकीतून पलीकडच्या रुळांकडे बघत बसला होता. आई म्हणाली, "तिकडं फुलं मिळतात का नाही, कुणास ठाऊक. म्हैसूर यायच्या आधी डोक्यात घाल. रिकाम्या डोक्यानं सासरी उतरू नये." दादा पाण्याची बाटली आणायला गेला होता, तो गाडी हलल्यावर पळत आला.

म्हैसूर येईपर्यंत कळ्या उमलून मऊ पडल्या होत्या. मी त्या घातल्या नाहीत, फडकं तसंच हातात धरून उतरले. सासूबाईंनी ते पाहिलं, वास घेतला आणि सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा हसल्या. "अय्यो, म्हैसूरला फूल घेऊन आली की गं ही! इथं फूल मिळत नाही म्हणून कोण सांगितलं तुला? मल्लिगे दारात येतंय, अल्वा?" माझ्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची. कापड रंगवणाऱ्यांचं घराणं, घरात मराठीच, पण अशी कन्नडात भिजलेली. मल्लिगे म्हणजे इथला मोगरा आणि अल्वा म्हणजे 'नाही का', हे मला मागाहून कळलं. बाकी सगळं त्यांच्या हसण्यावरून कळलं.

ती पुडी मी प्लॅटफॉर्मवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आणि आठवड्यानं आईला पत्र लिहिलं. त्या पत्राची लाज मला आज वाटते, तेव्हा नव्हती वाटली. लिहिलं होतं की इथं फुलांचे ढीग असतात, हातानं मोजून विकतात, तुझी पुडी बघून सगळे हसले, माहीत नसेल तर विचारावं माणसानं. आईचं उलट टपाली कार्ड आलं. चार ओळी खुशालीच्या आणि शेवटी: "तिकडे फुलं मिळतात हे बरं झालं. काळजी मिटली." मी कार्ड वाचलं आणि मनात म्हटलं, एवढं लिहिलं तरी बाईला काही लागत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे दादाच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, घरच्या ग्रुपवर विचारलंय: "आत्या, ऋताचा ब्रायडल बुके कसला सुंदर होता! कुठून केला? प्लॅनिंग कसं केलंत?" भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि नंतर ती कॅनडाला जाणार आहे. वहिनीनंही त्याखाली वर केलेला अंगठा टाकला आहे. तर मंडळी, सांगते कसं केलं ते.

माझी मुलगी ऋता इथंच, म्हैसूरच्या हेब्बाळ भागात, एका कंपनीच्या मोठ्या कॅम्पसात कामाला होती. तिथल्याच प्रणवशी लग्न ठरलं, आणि लग्नानंतर दोघांनाही कंपनी हॉलंडला पाठवणार हेही ठरलं. सकाळचा मुहूर्त आपल्या पद्धतीनं, संध्याकाळी रिसेप्शन. रिसेप्शनला नवरी बुके धरून आत येणार. त्या बुकेसाठी एक बाई नेमली होती. बाई कसली, चोवीस वर्षांची मुलगी, पण तिला फुलवाली म्हणायचं नाही. ती फ्लोरल डिझायनर. आमच्या सरस्वतीपुरमच्या घरी, माझ्या दिवाणखान्यात बसून तिनं ऋताला विचारलं, "तुझी लव्ह स्टोरी कुठल्या रंगाची आहे?" माझे यजमान रिटायर होईपर्यंत कारखान्यात मशिनं दुरुस्त करत होते. ते गंभीरपणे मान हलवत होते. मी चहा करायला उठले.

परत आले तेव्हा लॅपटॉपवर फुलं सुरू झाली होती. गोल बुके, धबधब्यासारखा खाली सांडणारा बुके, रानातून उपटून आणल्यासारखा दिसणारा बुके. त्याला जास्त मेहनत लागते म्हणे. फुलाला फूल म्हणत नव्हते, स्टेम म्हणत होते. सतरा स्टेम की एकवीस, यावर अर्धा तास गेला. फुलं पिओनी नावाची, हॉलंडहून विमानानं बंगळूरला, तिथून थंड गाडीतून म्हैसूरला. ज्या गावाच्या नावानं सगळा मुलूख मोगरा ओळखतो, त्या गावात. आणि लग्न झाल्यावर नवरी कुठं जाणार? तर हॉलंडला. फुलं तिकडून इकडं आणायची आणि तीच बघायला पोरीनं इकडून तिकडं जायचं. हे मी बोलून दाखवलं, तर डिझायनर म्हणाली, "सो पोएटिक, आंटी!"

मग पानं आली. निलगिरीची. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. टी. नरसीपूरच्या रस्त्याला गाडी लागली की मी डाव्या हाताला निलगिरीच बघत आले आहे. सर्दी झाली की तिची पानं पाण्यात घालून वाफ घेतो आम्ही. ती म्हणाली, "ती नाही आंटी, ही सिल्व्हर डॉलर. इम्पोर्टेड." मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वेगळी असेल." तीस वर्षं संसार केलेल्या माणसाकडून मला एवढीच साथ मिळाली.

पुढं सराव. बुके धरण्याचाही सराव असतो, हे तुम्हाला मिरजेत माहीत नसेल. कोपरं सैल, मनगटं कमरेच्या हाडाला टेकलेली, फुलं बेंबीपाशी. वर धरलात तर घाबरलेल्या दिसता, खाली धरलात तर कंटाळलेल्या. ऋता आठवडाभर माझी कोथिंबिरीची जुडी घेऊन स्वयंपाकघर ते बाल्कनी अशी चालत होती. एवढा सराव तिनं सप्तपदीचा केला नाही. आपल्या नवरीचे हात सकाळपासून भरलेलेच असतात: आधी अक्षता, मग हार, मग नवऱ्याचा हात, आणि निघताना आईनं दिलेली अन्नपूर्णा. त्यात हा झाडू कुठं बसवायचा, असं मी विचारलं. ऋता म्हणाली, "आई, फोटोसाठी असतं ते." फोटोसाठी ही गोष्ट तिनं इतकी सहज सांगितली की मी तिच्या हातातली जुडी घेतली आणि निवडायला बसले.

आता खरं सांगते. मला बुकेचं काही नव्हतं. पोरगी जाणार होती, आणि जाताना तिच्या अंगावर इथलं फूल असावं, एवढंच मला हवं होतं. ते सरळ म्हणायचं सोडून मी शहाणपणा केला. म्हटलं, तुमचा बुके हवाय ना, मग मल्लिगेचा करू. मी करवून आणते. ऋतानं डिझायनरला थांबायला सांगितलं आणि मी मार्केटात जयम्माकडे गेले. जयम्मा माझी पंचवीस वर्षांची फुलवाली. ती कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माळ मोजते, त्याला मोळ म्हणतात. रोज मी दोन मोळ घेते, एक माझा, एक ऋताचा. ऋतानं केस कानापर्यंत कापल्याला सहा वर्षं झाली, तरी दोन. दुसरा देवाला घालते.

जयम्माला मी मोबाइलवर बुकेचा फोटो दाखवला. तिनं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग कन्नडात म्हणाली, "याला देठ लागतो, अम्मा. मल्लिगेची कळी देठ ठेवून कोण खुडतं? सकाळी खुडायची, बांधायची, संध्याकाळी ती उमलणार. फूल डोक्यात घालायचं नाहीतर देवाला. हातात धरून कुठं चालली तुझी मुलगी?" शेजारच्या दोघी फुलवाल्या हसल्या. तीस वर्षं मल्लिगे डोक्यात घातलेल्या मला तिच्या देठाचा पत्ता नव्हता. दुसऱ्यांदा मी या गावात फुलांवरून हसं करून घेतलं.

बुके हॉलंडचाच आला. सुंदर होता, खोटं का बोलू. वास नव्हता. ऋता शिकवल्याप्रमाणे चालली, फोटो आले, ते तुम्ही पाहिलेत. नंतर तो बुके जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगशेजारी पडला होता. वाढप्यानं तो तीनदा उचलून बाजूला ठेवला.

चार दिवसांनी ऋता आणि प्रणव निघाले. सकाळी मी जयम्माकडून दोन मोळ मल्लिगे आणली, घट्ट मिटलेल्या कळ्या बघून. घरी आल्यावर फडकं ओलं केलं आणि केळीचं पान कापलं. पान कापेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की मी काय करते आहे. लक्षात आल्यावर सुरी धुऊन ठेवली. मग पुडी बांधली आणि फाटकाशी गाडीत बसलेल्या ऋताच्या मांडीवर ठेवली.

ती हसली. हुबेहूब तिच्या आजीसारखी, माझ्या सासूबाईंसारखी. "आई! मी हॉलंडला चाललेय. सगळ्या जगाला फुलं तिथून जातात!" यजमानही हसले. म्हटलं, माहीत आहे, रस्त्यात वास घे. पुडीचं तिथं पोचून काय होणार, हेही मला माहीत होतं. मी स्वतः टाकलेली होती ना एक.

दुसऱ्या दिवशी तिचा फोटो आला. आखूड केसांत माळ राहीना, म्हणून विमानात तिनं ती डाव्या मनगटाला गुंडाळली होती. कळ्या उमलून तपकिरी पडलेल्या. खाली लिहिलं होतं, "शेजारची बाई सारखी विचारत होती, वास कसला म्हणून. इथं उतरल्यावर काढून टाकायला लावली, फुलं बाहेर नेऊ देत नाहीत. सॉरी आई." माझ्यापेक्षा पोरगी बरी निघाली, तिनं सॉरी तरी म्हटलं.

मी लिहिलं, "असू दे. तिकडे फुलं मिळतात हे बरं झालं. काळजी मिटली."

पाठवलं आणि मग ते वाक्य वाचलं. काळजी मिटलेली नव्हती. तेव्हा आईचीही मिटलेली नसणार. तिला माझं पत्र लागलं होतं, चांगलंच लागलं होतं, आणि तिनं ते चार ओळींच्या खुशालीखाली ठेवून दिलं. हे मला कळलं तेव्हा तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी बाल्कनीत उभी राहून रडले. यजमानांना वाटलं, पोरीसाठी रडतेय. त्यांचं तसं चुकलं नव्हतं.

लोक विचारतात, तुमचं घर मिरजेचं की म्हैसूरचं. इतकी वर्षं मी मिरजेचं म्हणत आले, जरा ताठ मानेनं. आता मला वाटतं, जिथं उभं राहून तुम्ही दुसऱ्यासाठी पुडी बांधता, ते तुमचं घर. तुमच्यासाठी कुणी बांधलेली पुडी तुम्ही फेकून देता, तेव्हा ते कळत नाही.

तर बाळ, बुकेवालीचा नंबर पाठवते. ती पुण्यालाही कामं घेते म्हणे. तुझी लव्ह स्टोरी कुठल्या रंगाची ते आधी ठरवून ठेव, ती विचारेल. आणि दादा, मागच्या दाराशी गाडी उभी करायला जागा हवी म्हणून तू आईची जाई मुळासकट काढलीस. बुके काय, कुणीही करून देईल. पोरगी कॅनडाला निघेल तेव्हा वहिनी फडक्यात काय बांधणार, ते तेवढं बघ.