दाजींचा धबधबा

माझे दाजी सफारीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बावीस वर्षं त्यांनी देशोदेशीच्या माणसांना धबधबा दाखवायला आणलं आणि स्वतः तो एकदाही पाहिला नाही. हे फक्त मला माहीत होतं. धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशीच माझं रेनकोट भाड्याने द्यायचं दुकान आहे आणि मला चुकवून खाली जाता येत नाही. माझे रेनकोट गळतात. कोणी तक्रार केली की मी सांगतो, कोरडंच राहायचं होतं तर हॉटेलात बसायचं.

दाजींनी धबधबा न पाहण्याला कारण होतं माकडं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते प्रवाशांच्या मागोमाग निघाले होते. दहा पावलं गेले नसतील, तेवढ्यात एका माकडाने गाडीतून एका आजोबांची कवळी पळवली. धबधब्यात पडायला नको म्हणून आजोबांनी ती काढून सीटवर ठेवली होती. पुढचे चार दिवस आजोबांनी सूपवर काढले आणि प्रत्येक सुपाच्या वेळी दाजींकडे बघितलं. दाजींनी कानाला खडा लावला. त्यानंतर प्रवासी खाली गेले की ते हातात काठी घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालत.

इथपर्यंत ठीक होतं. पण कवळी गेली त्याच संध्याकाळी ताईने विचारलं, "कसा आहे हो धबधबा?" पाहिला नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण नवी नोकरी, नवा युनिफॉर्म, आणि ताई हातातलं काम टाकून समोर बसलेली. दाजींनी ठोकून दिलं. मग ती रोज विचारू लागली आणि ते रोज सांगू लागले.

माल प्रवाशांकडून मिळायचा. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर जे बोलणं चाले ते दाजी कान देऊन ऐकत. पाणी किती आहे हे ते कपड्यांवरून ओळखत. सकाळभर उघड्या गाडीतून जंगल फिरल्यावर माणसं धुळीने माखलेली असतात, त्यात धबधब्याचे तुषार बसले की चिखल होतो. अंगावर नुसते ठिपके दिसले तर पाणी बेताचं, ओघळ दिसले तर भरपूर. या हिशेबात ते कधी चुकले नाहीत. दुकानात कोणी विचारलं तर मीही दाजींना विचारून सांगत असे.

मग दाजी निवृत्त झाले. त्यांच्या कंपनीत एक पद्धत आहे. शेवटच्या दिवशी ड्रायव्हरने गाडी चालवायची नाही, बायकोला घेऊन पाहुण्यासारखं मागे बसायचं. सकाळी जंगल, दुपारी धबधबा. गाडी दुसरा कोणीतरी चालवतो आणि काठीही तोच धरतो. दाजींनी गुडघा दुखतो असं सांगून बघितलं. ताईने तोपर्यंत नवे बूट आणले होते.

दोन दिवस आधी ते माझ्या दुकानात आले आणि शटर अर्धं खाली ओढून म्हणाले, "मला धबधबा सांग."

मी पावतीच्या पाठीमागे नकाशा काढून दिला. पायऱ्या दोनशे चौदा, दुसऱ्या वळणावर कठडा, समोर पाणी.

"आवाज कसा आहे?"

"मोठा."

"मोठा म्हणजे कसा?"

"दाजी, आता मी तो काढून दाखवू का?"

माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, "बावीस वर्षं थापा मारल्यात, आता सरळ सांगून टाका ना तिला."

दाजी रेनकोटांच्या ढिगावर बसले. "मग मी सांगितलेलं बाकीचं सगळं खरं कशावरून, असं नाही वाटणार तिला?"

मी शटर पुन्हा वर ढकललं.

ठरल्या दिवशी दोघं आले, दाजी युनिफॉर्ममध्येच. हत्ती दिसले होते. दोघांच्या भुवयांपर्यंत धूळ होती. घरच्यांसाठी मी न गळणारे रेनकोट वेगळे ठेवतो, त्यातले काढून दिले. ताईने घातला. दाजी म्हणाले, "मला कशाला? मला सवय आहे." मी दुकान बंद केलं, तिसरा रेनकोट घातला आणि त्यांच्या मागे निघालो.

दाजी ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत उतरत होते. दुसऱ्या वळणावर कठडा आला आणि ते थांबले. आता ते बोलायला लागतील म्हणून मी वाट बघत होतो. तोंड उघडं होतं आणि त्यात पाणी जात होतं. हातातल्या नकाशाचा लगदा झाला होता.

शेवटी ताईने त्यांचं कोपर धरलं.

"ती डावीकडची धार बघा," ती म्हणाली. "मधे खडकावर आपटते आणि दुभंगते. खाली बेटावर एकच झाड आहे, दिसलं? ऊन आलं की इंद्रधनुष्य त्याच्यावर पडतं. पण ते इथून नाही दिसत, त्या टोकाला जावं लागतं. या."

बावीस वर्षं दाजींनी सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं. तिने त्यांना कठड्याच्या टोकाला नेलं. इंद्रधनुष्य झाडावर होतं.

"हो की," दाजी म्हणाले.

एवढ्या दोन शब्दांत बावीस वर्षं उघडी पडली. त्यांच्याही ते लक्षात आलं. चेहरा पार उतरला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुमचे शर्ट मीच धुते ना. नुसती धूळ, चिखलाचा एक डाग नाही. आणि इकडे तुम्ही माझ्यासमोर बसून सांगताय, आज नखशिखांत भिजलो."

"मग रोज विचारायचीस कशाला?"

ताईने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "दुसऱ्या कशाबद्दल तुम्ही माझ्याशी इतकं बोलला असतात?"

दाजींनी तिचा हात धरला आणि दोघं पुन्हा पाण्याकडे बघत उभी राहिली. माझे डोळे ओले झाले. रेनकोट चांगला होता, त्यामुळे दोष तुषारांवर टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तर गल्लीच्या बाजूच्या दोरीवर दाजींचा युनिफॉर्मचा शर्ट होता. कॉलरपासून खालपर्यंत चिखलाचे ओघळ, जसेच्या तसे वाळलेले.

"सकाळपासून सांगतोय हिला, धुवायला टाक म्हणून," दाजी म्हणाले.

"बावीस वर्षं याची वाट बघितली," ताई म्हणाली. "आता लगेच धुऊ?"