दोन एकर तीस गुंठे

माझी धाकटी बहीण जळकोट तालुक्यात दिली आहे. मेहुणे हैदराबादला ट्रक चालवतात, त्यामुळे शेती तीच बघते. शेजारचं रान तिच्या दिराचं. पेरणीचा हिशेब बाईमाणसाला जमत नाही, असं त्याचं मत. बहिणीनं तो हिशेब आपल्या हाती घेतला, तो मोबाइलमधल्या एका फुकट अ‍ॅपच्या भरवशावर. क्षेत्र टाकायचं, पीक निवडायचं, बियाणं किती लागेल ते येतं.

त्या वर्षी हरभऱ्याला तिनं २.३० असं क्षेत्र टाकलं. उत्तर आलं एकोणसत्तर किलो. घरच्या हरभऱ्यातून तेवढा मोजून बाजूला काढला, बाकीचा डाळीला गेला. पेरणीला ट्रॅक्टर शेवटच्या पट्ट्यात असताना बी संपलं. दुसरीकडून आणेपर्यंत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उडाला आणि तो तुकडा विरळ उगवला. दीर बांधावरून एवढंच म्हणाला, "वहिनी, रान मोबाइलवर अंगठ्यानं पेरत न्हाईत." पुढच्या वर्षीपासून हिशेब मीच बघणार, असंही सांगून गेला.

बहिणीनं मला नांदेडला फोन केला. "दादा, मी चुकले का ते चुकलं, तेवढं सांग."

माझी नोकरी आकड्यांचीच. मांडून पाहिलं. दोन एकर तीस गुंठे आपल्याकडे २.३० असंच लिहितात. पण एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे तीस गुंठे हा पाऊण एकर झाला. खरं क्षेत्र पावणेतीन एकर, आणि अ‍ॅपनं धरलं होतं दोन पूर्णांक तीन दशांश. एकरी तीस किलोनं साडेब्याऐंशी किलो लागत होतं. साडेतेरा किलो कमी पडलं, म्हणजे अठरा गुंठ्यांचं बी. किती रान राहिलं होतं, असं विचारलं तर ती म्हणाली, अर्ध्या एकराला थोडं कमी. जुळलं.

बिलोलीकडचे एक सहकारी माझ्या शेजारच्या टेबलाला बसतात. त्यांना सांगितलं तर ते हसले. "ते कमीच सांगतंय की. आम्ही गावात सगळे थोडं वाढवून घेतो." सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी कुठे कळवलं नव्हतं. कळवायचं तरी कुणाला?

अ‍ॅपच्या शेवटच्या पानावर मात्र ते लिहिलेलं होतं. हा प्रोग्राम कुणा कंपनीचा नाही, लोकांनी सवडीनं मिळून लिहिला आहे, आत काय आहे ते कुणीही वाचावं, चुकत असेल तर सांगावं, जमलं तर दुरुस्त करावं. कचेरीतल्या 'सूचनांचे स्वागत आहे' या पाटीइतकंच मी ते खरं धरलं. तरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलं आणि मांडलेला हिशेब जोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं होतं. लिहिणारा अशा देशातला, जिथं गुंठा हा शब्दही कुणी ऐकला नसेल. त्यानं आभार मानून एकच प्रश्न विचारला होता, "ज्याची जमीन दोन एकर पाच गुंठे आहे, तो ती कशी लिहितो?"

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्यानं आमचं रान पाहिलेलं नाही, त्याला त्या पाच गुंठेवाल्याची काळजी पडली होती.

मग मी विचारत सुटलो. मोंढ्याच्या बाजारात, बसमध्ये, पानटपरीवर. कुणी २.०५ लिहीत होतं, कुणी नुसतं २.५. म्हणजे त्याला बी जास्त सांगितलं जाणार. मी कळवलं, एक रकाना पुरायचा नाही, एकर आणि गुंठे वेगळे विचारा. बिलोलीवाल्यांनी पलीकडे तेलंगणातही गुंठे चाळीसच असल्याचं सांगितलं, तेही जोडलं. त्या माणसानं दोन रकाने केले आणि मराठी शब्द मला लिहायला सांगितले. मी ते चारदा वाचून मगच पाठवले.

त्या प्रोग्रामात आजवर झालेले सगळे बदल कुणालाही पाहता येतात. तिथं कुणी एक चुकलेला शब्द बदलला होता, कुणी आपल्या मुलखातलं भाताचं माप घातलं होतं. त्या रांगेत माझं नाव आलं. एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसं परक्याच्या शेताचा हिशेब तपासत होती, आणि त्यासाठी कुणी त्यांना जाब विचारणार नव्हतं. मी इतकी वर्षं नोकरी करतो, पण असं काम पाहिलं नव्हतं.

आता कुणी अ‍ॅपला नावं ठेवली की मी म्हणतो, मला नको, त्यांना सांगा. ते ऐकतात.

पुढच्या हरभऱ्याला दिरानं हिशेब मागितला. बहीण म्हणाली, "एवढी एक पेरणी मला करू द्या, भावजी. चुकली तर पुढची तुमचीच." मीही गेलो होतो. तिनं दोन भरलं, मग तीस भरलं. साडेब्याऐंशी किलो. ट्रॅक्टर शेवटच्या ओळीला वळला तेव्हा पेरणीयंत्राच्या पेटीच्या तळाशी बी होतं, आणि तो बांधाला लागला तेव्हा मूठभर उरलं. बहिणीनं ते ओंजळीत घेऊन कोपऱ्यात टोकलं.

दीर हे सगळं बांधावरून बघत होता. मग खाली उतरून तिच्याजवळ आला.

"वहिनी," तो म्हणाला, "माझं एक एकर पंचवीस गुंठे हाय. टाकून बघा बरं."