आत्याच्या चिठ्ठ्या

शास्त्रज्ञांची नावं तुम्हाला पाठ असतील. पण त्यांचे प्रोग्राम महासंगणकावर बसवून कोण देतं, हे तुम्ही कधी विचारलंत का? माझी आत्या देत असे. नागावच्या वाडीत, नारळीखाली लॅपटॉप उघडून, दूर शहरातल्या हॉलभर पसरलेल्या यंत्रावर. तिच्याइतकी संशयी बाई साऱ्या कोकणात नसेल. 'चाललं' या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नाही. नवा मिक्सर आला की आधी अर्धी वाटी खोबरं वाटून बघणार. पाहुण्यांनी मसाला आणला तर विचारणार, "यंदाचा की गेल्या सालचा?" आणि घरभर चिठ्ठ्या. पंपावरची अशी: "आधी झडप उघडा, मग बटण. उलट केलंत तर मला हाक मारू नका."

श्रीवर्धनकडच्या खाडीकाठची सकीना उधाणाच्या पाण्याचा अभ्यास करायची. सोमवारी तिच्या गावात ग्रामसभा होती. पाणी किती चढेल ते आकड्यांत दाखवलं नाही, तर बांधाची उंची वाढवणं पुढच्या सालावर जाणार आणि तिच्या अब्बांच्या भातात खारं पाणी शिरणार. हे आकडे काढणारा तिचा प्रोग्राम मात्र नव्या यंत्रावर बसेना, म्हणून ती आत्याकडे आली. आधी ज्याने बसवला होता तो काहीही न लिहिता निघून गेलेला. आत्याने तीन दिवस त्याचा उद्धार केला.

"मावशी, चाललं," सकीना शेवटी म्हणाली.

"चाललं म्हणजे काय? गेल्या सालचं उधाण घालून बघ."

गेल्या साली पाणी शाळेच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं. संगणकाने ते डोंगराआड नेलं.

"अगो बाय, तुझ्या हिशेबाने म्हसळ्याच्या बाजारात होड्या लागतील."

प्रोग्राम जुना होता, त्याखालचं गणिताचं सॉफ्टवेअर नवं. आत्याने जुनं शोधून सगळं पहिल्यापासून बसवलं. पाणी निमूट दुसऱ्या पायरीवर उतरलं. सोमवारी बांध मंजूर झाला.

सकीनाच्या अहवालातून आत्याने स्वतःचं नाव खोडलं. मी भांडले. नाव नसलेलं काम उद्या कुणी हिशेबात धरतच नाही, म्हटलं.

"मोर्च्यांची पत्रकं वाचून वाढलेली तू," ती हसली. "पाणी पायरीवर आलं ना?"

यंदा ती निवृत्त झाली. प्रोग्राम कसे बसवायचे याच्या तिने लिहिलेल्या कृती त्या यंत्रावर अजून आहेत, बिननावाच्या. पंपावरच्या चिठ्ठीची शाई उडाली होती. मी ती पुन्हा लिहिली आणि खाली, न विचारता, आत्याचं नाव घातलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. झडप उघडली, बटण दाबलं, पाणी येईपर्यंत उभी राहिली.

तुमच्याकडेही एखादी गोष्ट बटण दाबताच चालत असेल. ती बसवणाऱ्याचं नाव आज शोधा, आणि तिथेच लिहून चिकटवा.