रापीखालचा संगमरवर

सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, आणि मावशीही सगळ्या गल्लीला हक्काने झापायची. रस्त्याला लागून असलेल्या तिच्या खोलीत चामड्याच्या पिशव्या, पट्टे, पाकिटं तयार व्हायची. कापायचं काम मावशीचं, शिवायचं तिच्या धाकट्या जावेचं. दोघी समोरासमोर बसायच्या आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. पण मावशीने रापी उचलली की धाकटी गप्प. चामडं कापायची ती रुंद पाती मावशी अशी फिरवायची की वळण असो नाहीतर कोपरा, रेघ जरा म्हणून हलायची नाही. याचा तिला भारी तोरा होता. का नसावा?

रापीखाली एक लाकडी ठोकळा असायचा. घाव सोसून सोसून तो मधोमध खोलगट झाला होता, चामडं त्या खड्ड्यात दबायचं आणि कापताना सरकायचं. मावशी रोज करवादायची. ते एकदा दिराच्या कानावर गेलं. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, फरशा बसवणारा. कुणी नुसतं 'अडचण' म्हणायचा अवकाश, हा फरशी घेऊन हजर! कुठल्याशा कामावर उरलेला संगमरवराचा जाडजूड तुकडा त्याने आणला, घासून घासून आरशासारखा केला आणि घाम गाळत टेबलावर बसवला.

"वहिनी, आता तुमच्या नातवंडांनासुद्धा बदलायला नको!"

गल्ली बघायला लोटली. मावशीने त्या गार दगडावरून हात फिरवला आणि खूश झाली. ठोकळा त्याच दिवशी फोडून सरपणात गेला.

आणि तिथेच माशी शिंकली. सकाळी लावलेली धार चहापर्यंत टिकेना. धार जाते म्हणून मावशी जोर लावायची, जोर लावला की त्या गुळगुळीत दगडावर रापी घसरायची. पट्ट्यांच्या कडा दातेरी निघायला लागल्या. एका पिशवीचं झाकण तर असं कापलं गेलं की धाकटी म्हणाली, "ताई, हे झाकण आहे की नदीचा नकाशा?" एरवी मावशीने तिला सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी तिने झाकण उचलून कचऱ्यात टाकलं, आणि मग धाकटीच घाबरली.

या धंद्यातल्या माणसांची एक खोडच आहे. कापणं बिघडलं की आधी रापीला बोल लावायचा, रापी निर्दोष ठरली की हाताला. खाली जे काही असतं ते बिचारं नुसतं पडलेलं, त्याच्याकडे कोण बघतो? मावशीनेही तेच केलं. मनगट शेकलं, तेल चोळलं, घरातल्या सगळ्यांवर चिडून झालं. शेवटी तिने मनाशी ठरवूनच टाकलं, आपला हात गेला.

बरं, हे व्हायचं तेही नेमकं आत्ताच! मावशीची मुलगी बाळंतपणं करायचं शिक्षण संपवून पुढच्या आठवड्यात कामावर रुजू होणार होती. तिच्या सामानासाठी आईने स्वतःच्या हाताने पिशवी करायची, हे केव्हाचं ठरलेलं. त्यासाठी मावशीने एक अख्खं कातडं राखून ठेवलं होतं, मधाच्या रंगाचं, एक ओरखडा नसलेलं. तसं दुसरं मिळणार नव्हतं. आता त्याला रापी लावायची तिची छाती होईना.

"आई, मनगट दुखतंय तर राहू दे," मुलगी म्हणाली. "मी विकतची घेते."

पोरीने मायेनेच म्हटलं होतं, पण मावशीच्या काळजात चर्र झालं. तिने धाकटीला सांगितलं, "उद्यापासून कापायचं तू बघ."

"मी? ताई, माझ्याकडून भेंडीसुद्धा सरळ चिरली जात नाही!"

दुसऱ्या दिवशी संगमरवरावर चिकटवलेले पट्टे वाळत पडले होते आणि धाकटीला बक्कलसाठी एक टीचभर तुकडा हवा होता. रापी हातात धरायला ती काही तयार होईना. "द्या ना ताई, एवढंसं तर आहे." मावशीने कुरकुरत रापीला धार लावली, शेजारच्या बुटक्या स्टुलावरचा चहाचा कप खाली ठेवला आणि त्यावरच तुकडा कापला. स्टूल म्हणजे झाडाच्या बुंध्याची आडवी कापलेली जाड चकती, तिला तीन पाय ठोकलेले.

रापी सुळकन गेली.

मावशी थबकली. तिने आणखी एक तुकडा घेतला. मग वळण काढलं. मग उगाचच एक गोल. आणि एकदम ओरडली, "अगं बाई!"

धाकटी धावली. "बोट कापलं का?"

"बोट नाही गं, चामडं कापलं! सरळ कापलं!"

मग दोघींच्या अंगात आलं. दारातलं रबराचं पायपुसणं आणून बघितलं, रापी त्यात रुतून बसली. प्लायवूडचा तुकडा बघितला, त्याच्या रेषा पातीचं टोक आपल्याकडे ओढून न्यायला लागल्या. वाळणारे पट्टे बाजूला सारून संगमरवरावर एक घाव घातला आणि पातीवर अंगठा आडवा फिरवून पाहिला, तर धार अर्धी गारद! स्टुलात मात्र लाकडाचे तंतू उभे होते. पाती त्यांच्या मधे शिरायची, कशावर आपटायचीच नाही.

"म्हणजे हा मेला दगड धार खात होता! आणि मी माझ्या हाताला शिव्या देत बसले!"

आता हे दिराला सांगायचं कुणी? धाकटीने कानावर हात ठेवले. "तुम्हीच सांगा. फरशीला नावं ठेवली तर आमच्याकडे आठवडाभर अबोला."

संध्याकाळी दीर आला. मावशीने आढेवेढे घेत, दगडाच्या गुळगुळीतपणाचं तोंडभर कौतुक करत, शेवटी एकदाचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे वहिनी, इतके दिवस तुमचा हात मी अडवला होता?"

"भावोजी, तुम्ही मायेने आणलात. अक्कल मी वापरायला हवी होती. आणि दगड कुठे जात नाही, हं! चिकटवलेल्या कडा ठोकून बसवायला एवढं सपाट काही मिळायचं नाही."

दीर खुलला. दुसऱ्याच दिवशी तो वखारीतून टेबलाएवढी चकती घेऊन आला, चांगली सुकलेली, रंधा मारून सपाट केलेली. "खोलगट झाली की सांगा, पुन्हा रंधा मारून देतो."

मावशीने मधाच्या रंगाचं कातडं त्यावर पसरलं. मुलगी दारातच उभी राहिली, धाकटीने हातातली सुई खाली ठेवली. मावशीने श्वास घेतला आणि रापी ओढली. पिशवीचं भलंमोठं वळण एका दमात, कुठेही न अडता पुरं झालं. तिने कडेवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आहे गं," ती मुलीला म्हणाली. "हात आहे माझा."

मुलीने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

शेवटी मावशीनेच तो सोडवून घेतला, कारण कातडं अजून उरलं होतं. पिशवीचे सगळे भाग कापून झाले तरी तिची रापी काही थांबेना. उरल्यासुरल्या तुकड्यांतून ती किल्ल्यांना अडकवायचे छोटे पट्टे कापत सुटली, गोल, चौकोनी, पानासारखे. टेबलावर ढीग लागला.

"ताई, पुरे आता!" धाकटी हसून हसून लोळत म्हणाली. "गल्लीत एवढी कुलुपं तरी आहेत का?"

"नसतील तर घेतील," मावशी म्हणाली आणि पुढचा तुकडा ओढला.