इंदूरचे सात महिने

स्ट्रेप्टोमायसिनची मला एकूण एकशे दहा इंजेक्शनं दिली गेली. क्षय थांबला. थुंकी सलग तीनदा निर्दोष आली, वजन अकरा पौंडांनी वाढलं. पण शहात्तराव्या इंजेक्शनानंतर एका सकाळी कूस बदलली आणि खोली फिरायला लागली. कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं ते त्या औषधानं मारून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे परत येत नाही. आता डोळ्यांनी तोल सांभाळायला शिका."

डोळे शिकले, पण उजेडापुरते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी न्हाणीत भिंतीवर आदळायचो. बायको दाराबाहेरून विचारायची, "धरलंत का नळाला?" आणि मी "धरलं" म्हटल्याशिवाय हलायची नाही. चालताना दुकानांच्या पाट्या वरखाली उडायच्या. कानात एक बारीक शिट्टी वाजायची. ती अजून वाजते. हे लिहितानाही वाजते आहे.

मुलुंड स्टेशनपासून आमच्या चाळीपर्यंत नऊशे चाळीस पावलं. वाटेत तेव्हा चार दिवे होते. दिव्याखाली मी सरळ चालायचो. दोन दिव्यांच्या मधल्या अंधारात मात्र पाऊल टाकलं की खाली जमीन आहे याची खात्री नसायची. पाय फाकवून, कुंपणाला हात लावत पुढचा दिवा गाठायचा.

मी सात महिने सॅनेटोरियममध्ये होतो हे चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी अठराची होती. बापाला क्षय म्हटल्यावर तिला स्थळ आलं नसतं. म्हणून ऑफिसनं इंदूरला पाठवलंय, असं आम्ही सांगितलं होतं. परतलो तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "इंदूरहून आलात आणि मूठभर शेव नाही? तब्येत मात्र कमावलीत हं!"

महिन्याभरानं त्यांनीच मला तिसऱ्या दिव्यापुढे, गटाराच्या कडेला सावरलं. माझ्या तोंडाजवळ नाक आणून वास घेतला.

"काय राव, तिकडे दारूबंदी नाही म्हणून चंगळ केलीत वाटतं. इथं जरा जपून. पोलीस धरतील."

"चक्कर आली."

"येणारच हो. ही बिनवासाची कुठून मिळवता तेवढं सांगा."

मी हसलो. ते हसणं मला फार महागात पडलं.

वर्षाच्या आत मुलीला पार्ल्याचं स्थळ आलं. पसंती झाली. मग एका रविवारी दुपारी मुलाचे वडील एकटेच आले. कोटही न काढता बसले.

"स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही पिता, असं कानावर आलंय."

मी खरं सांगण्यासाठीच तोंड उघडलं होतं, असं मला वाटतं. खात्री देता येत नाही.

"पीत होते," चहाचा कप ठेवत बायको म्हणाली. "इंदूरला संगत लागली. आता सोडलीय. माझ्या गळ्याची शपथ घातलीय." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत, वहिनी. दारू सुटते. आमच्या भाच्याच्या सासऱ्याला क्षय निघाला, तोही लग्न झाल्यावर कळला. असल्या लोकांना काय म्हणायचं?"

मी चहा प्यायलो.

लग्न झालं. वरातीच्या वेळी मी पायरीवर अडखळलो तेव्हा व्याह्यांनी माझं कोपर धरलं आणि कानाशी म्हणाले, "आज तरी नको होती हो." मी मान खाली घातली.

मुलीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. बायकोनं पाळणा घासून ठेवला. त्याच सुमारास मला संध्याकाळचा ताप येऊ लागला. नव्व्याण्णव, नव्व्याण्णव पॉइंट चार, पुन्हा नव्व्याण्णव. असे अकरा दिवस. एक्स-रेच्या प्लेटवर जुन्या डागाशेजारी काहीतरी धूसर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "असेल, नसेल. थुंकीचा निकाल सहा आठवड्यांनी कळेल."

घरी येऊन मी फूटपट्टी घेतली. माझ्या अंथरुणापासून पाळण्याच्या कडीपर्यंत साडेपाच फूट. आमच्या दोन खोल्यांत ते अंतर याहून वाढत नव्हतं.

"तुम्ही दोन महिने कुठंतरी जा," बायको म्हणाली. "पुन्हा इंदूर सांगू."

"आणि निकाल वाईट आला तर? इतके दिवस माझ्याजवळ तूच वावरलीस. पोराला घेणार कोण? तूच ना?"

ती खाली बसली. "मग तिला येऊ नको म्हणून कळवायचं? कारण काय सांगायचं?"

"खरं ते."

"अहो, तिचं काय होईल तिथं?"

तरी मी गेलो. पार्ल्याला व्याह्यांसमोर बसून सुरुवात केली, "मी दारूचा थेंब कधी घेतलेला नाही." मग महिने, इंजेक्शनं, ताप, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "लग्नाआधी की नंतर?"

"आधी."

ते उठून आत गेले. आत कुणी मोठ्यानं बोललं नाही. बाहेर येऊन उभ्यानंच म्हणाले, "सूनबाई इथंच राहील. तिची प्लेट उद्या काढू." मुलगी आतल्या दारात उभी होती. मला पोचवायला ती बाहेर आली नाही.

तिची प्लेट स्वच्छ निघाली. माझा निकालही पुढे निर्दोष आला. त्याची नक्कल मी पार्ल्याला पाठवली. पोचल्याचं कळलं नाही. मुलगा झाला. बारशाचं बोलावणं फक्त बायकोला आलं.

ती परतली तेव्हा मी विचारलं, "वजन किती आहे त्याचं?"

"मी तराजू घेऊन गेले नव्हते." मग तिनं पदर तोंडाशी धरला. "लेक म्हणाली, बाबा दारुडेच बरे होते. दारुड्याला बारशाला तरी बोलावलं असतं."

निकाल निर्दोषच यायचा होता; मी खोटं चालू ठेवलं असतं, तर काहीच बिघडलं नसतं. हा हिशोब मी रोज करतो. पण त्या सहा आठवड्यांत मला निकाल ठाऊक नव्हता, हे त्यात कुठं मांडायचं ते कळत नाही.

नातू आता तीन वर्षांचा आहे. मी त्याला सहा वेळा पाहिलंय, प्रत्येक वेळी दिवसा आणि उघड्या जागेत. मुलगी त्याला माझ्याकडे देत नाही. मीही मागत नाही. तिला भीती क्षयाची वाटते की त्याला घेऊन मी पडेन याची, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.