उपवासावर ढकललेली कणकण

खरं सांगायचं तर त्या दिवसांत अक्कलकोटच्या स्वामींवर माझा राग होता. पाठदुखी थांबावी म्हणून अकरा गुरुवार धरले होते आणि सात होऊन गेले तरी पाठ दुखतच होती. मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवते. दिवसभर मशिनीवर बसणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. मलम झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या. संध्याकाळी कणकण यायची, ती मी उपवासावर ढकलली. ब्लाऊज सैल झाले, तर शेजारणी म्हणाल्या, उपवास मानवले की तुला. पुढे मशिनीचं पायडल दाबताना उजवा पाय जड पडू लागला. पाय गेले तर मी काय करणार होते? तरी कुणाला सांगितलं नाही. दुखणं सांगायचाही कंटाळा आला होता.

आठव्या गुरुवारी मिस्टरांबरोबर अक्कलकोटला गेले. प्रसादाच्या रांगेत हातातला रुमाल खाली पडला. हल्ली मी उचलायचे तसाच उचलला, मांडीवर हात टेकून, पाठ ताठ ठेवून, हळूहळू खाली बसून. रांगेत पाणी वाटणारी एक बाई ते बघत होती.

"अक्का, वाकत का न्हाय तुमी? संध्याकाळी अंग तापतंय काय?"

"उपवासाचं असेल," मिस्टर म्हणाले.

"उपास सोडा आदी. माझी थोरली बहीण अशीच बसून उचलायची. मणक्याचा टीबी निघाला. लई उशीर केला आमी."

मला तिचा संतापच आला. देवाच्या दारात असलं अभद्र कशाला बोलावं? शिवाय मला खोकला नव्हता, मग टीबी कसला? पण मिस्टरांनी ऐकलं नाही, दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. एमआरआय झाला, मणक्यातून सुईने तुकडा काढून तपासला. टीबीच होता. खोकला नसतानाही तो हाडाला होतो, आणखी उशीर झाला असता तर पाय वाचवणं अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

उरलेले गुरुवार राहूनच गेले. वर्षाहून जास्त औषध, कमरेला पट्टा, घरातही भिंत धरून चालणं, मळमळ, गोळ्यांमुळे लालसर लघवी. थकवा असा की नामस्मरणाचंही त्राण नसायचं. मिस्टर दोनदा अक्कलकोटला जाऊन आले, ती बाई काही भेटली नाही. तिला स्वामींनी पाठवलं का, हे मला ठाऊक नाही. मी तसं मानते, आणि तिच्यावर रागावले म्हणून अजून लाजते. अकरा गुरुवार मोजून मी स्वामींकडे उत्तर मागत होते. आता मोजणं सोडलं. सकाळी गोळ्या गिळायच्या, पुढचं त्यांनी बघावं.

औषधाच्या पाचव्या महिन्यात एका सकाळी न्हाणीघरात जाऊन परत आले आणि पलंगावर टेकल्यावर लक्षात आलं, येताजाताना आज भिंत धरलीच नव्हती. मिस्टर चहा घेऊन आले, तेव्हा मी रडत होते.